ग्लॉस्टरशायरमधील लहान संग्रहालये

प्रश्न : आमची मुलगी ब्रिस्टलजवळ राहते. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे जाणार आहोत. लंडनची मोठी संग्रहालये मागच्या खेपेस पाहिली, पण गर्दीत फिरून पाय तेवढे दुखले आणि लक्षात फारसे काही राहिले नाही. शेजारच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात निवांत पाहता येतील अशी लहान, स्वतंत्रपणे चालणारी संग्रहालये कोणती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एकाच ठिकाणी जाणे जमणार असेल, तर आपण बर्कली या छोट्या गावातील, देवीच्या लसीचे जनक डॉ. एडवर्ड जेन्नर यांचे घर पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. जेन्नर 1785 पासून 1823 मध्ये मृत्यू येईपर्यंत याच घरात राहिले. 14 मे 1796 रोजी त्यांनी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावर गाईच्या संसर्गाने उठलेल्या फोडातील द्रव घेतला आणि तो आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, टोचला. पुढे जुलैमध्ये त्या मुलाला मुद्दाम खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला, तेव्हा त्याला देवी आल्या नाहीत. बागेत ओबडधोबड दगडांची आणि सालीसकट लाकडांची एक खोपटी आहे. जेन्नर तिला लसीचे मंदिर म्हणत आणि तेथे गोरगरिबांना फुकट लस टोचत. दोन-चार माणसे उभी राहिली की भरून जाईल एवढीच ती जागा आहे. देवी काढणे या कामाचा जगभरचा पसारा येथून वाढला, हे तिच्या दारात उभे राहिल्यावर जसे उमगते तसे वाचून उमगत नाही.

आपल्याकडे तर या घराचे नाते फार जवळचे आहे. बगदाद आणि बसऱ्यामार्गे, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवत आणलेली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते आणि तिच्यापासूनच ही लस पुढे देशात पसरली. देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा, ही गावोगावच्या भिंतींवरची घोषणा आपल्या पिढीने वाचलेली असेल, आणि दंडावरचा वणही अनेकांच्या अंगावर अजून आहे. हे घर पाहताना तो वण आठवल्यावाचून राहत नाही. जेन्नर यांची कबर घराला लागून असलेल्या चर्चमध्येच आहे, तेव्हा तेथेही जाऊन यावे.

दुसरे ठिकाण चेल्टनममधील संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांचे जन्मघर. 1874 मध्ये ते येथे जन्मले. ग्रहांवरील त्यांची प्रसिद्ध रचना ज्या पियानोवर आकाराला आली, तो पियानो येथे ठेवलेला आहे, आणि स्वयंपाकघरासह बाकीचे घर व्हिक्टोरियाकालीन संसार दाखवते. मराठी वाचकाने मात्र आणखी एका कारणासाठी येथे जावे. होल्स्ट यांनी लंडनमध्ये संस्कृतचा अभ्यास केला, ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः इंग्रजीत रूपांतर करून त्यांना चाली लावल्या आणि महाभारतातील सावित्रीच्या कथेवर एक छोटा ऑपेरा लिहिला. जाण्यापूर्वी यातले थोडे ऐकून गेलात, तर तो पियानो नुसती जुनी वस्तू वाटणार नाही.

हस्तकलेची आवड असेल, तर चिपिंग कॅम्पडेनमधील कोर्ट बार्न हे हस्तकलेचे संग्रहालय पाहावे. वास्तुकार सी. आर. ॲशबी यांनी 1902 मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधून आपला कारागीरसंघ, बायकामुलांसह सुमारे दीडशे माणसे, या गावी आणला. संघ काही वर्षांतच आर्थिक अडचणीत येऊन मोडला, पण त्यातील चांदीकामाची परंपरा गावातील एका जुन्या रेशीम गिरणीत आजही चालू आहे. संग्रहालय पाहून झाल्यावर तेथे चालत जावे. भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी याच काळात शेजारच्या ब्रॉड कॅम्पडेनमध्ये राहत होते.

विमानांत रस असल्यास स्टॅव्हर्टनचे जेट एज संग्रहालय आहे. ते स्वयंसेवकच चालवतात.

जाण्यायेण्याचे म्हणाल, तर चेल्टनमला रेल्वेने जाता येते. बर्कली आणि कॅम्पडेन या गावांना मात्र आता रेल्वे स्थानक नाही, त्यामुळे मुलीची मोटार मिळाली तर उत्तम. अशी संग्रहालये आठवड्यातून काही दिवस बंद असतात आणि काही तर हिवाळ्यात उघडतच नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा अवश्य पाहाव्यात. तिकीट थोडे महाग वाटले तरी कुरकूर करू नये, कारण छपराच्या दुरुस्तीपासून वीजबिलापर्यंत पुष्कळसा खर्च त्यातूनच भागवावा लागतो. तेथील स्वयंसेवकांशी बोलायला तासभर हाताशी ठेवावा. बर्कलीला गेलात, तर मुंबईतल्या त्या तीन वर्षांच्या मुलीची गोष्ट त्यांना जरूर सांगा.