वाचकांचे प्रश्न : हवाई दलाचा पायलट व्हायचं तर

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. लढाऊ विमानच चालवायचं, असं त्यानं पक्कं ठरवलंय. एक अकादमी अकरावी-बारावीची दोन वर्षांची फी एकदम मागते. यंदाच्या कापसाचे सगळे पैसे त्यात जातील. भरू का?
— एक शेतकरी वडील, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : आत्ता भरू नका, भाऊ. आधी ज्या गोष्टी पुढे कोणतीही अकादमी दुरुस्त करू शकत नाही, त्या तपासा. त्यांना पैसा फारसा लागत नाही.

सगळ्यात आधी डोळे. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नेत्र विभागात नेऊन थेंब घालून नंबर काढायला सांगा. शाळेच्या तपासणीत तक्ता वाचला, एवढ्यावर विसंबू नका. फ्लाइंग शाखेला एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. प्लस नंबर दोनपर्यंत चालतो, मायनस नंबर मात्र चालत नाही. त्याच खेपेला ठिपक्यांच्या पुस्तकावर रंगही तपासून घ्या. रंगांधळेपणा बहुतेक जन्मजात असतो, घरात कुणाच्या लक्षात आलेला नसतो आणि त्यावर उपाय नाही. अनेक मुलांना हे मुलाखतीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा कळतं. तोवर घरची दोन-तीन वर्षं आणि पैसा दोन्ही गेलेलं असतं.

दुसरं रक्त. आपल्या भागात सिकलसेल आणि थॅलेसेमिया बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलचा आजार किंवा थॅलेसेमिया, अगदी मायनरसुद्धा, असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीने होतं.

मग मापं. उंची किमान १६२.५ सेंमी, पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, मांडी जास्तीत जास्त ६४ सेंमी. याला कारण आहे. पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत, आणि सीटसकट बाहेर फेकलं जायची वेळ आली तर गुडघे समोरच्या पॅनलवर आदळता कामा नयेत. दहावीतल्या पोराची उंची थोडी कमी असली तर घाबरू नका, वाढायला वेळ आहे.

शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरमधली जन्मतारीखही बघा. पहिलीत नाव घालताना अंदाजाने लिहिलेल्या तारखा खेड्यात अजून सापडतात. एनडीएला, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांत अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख धरतात. चूक असेल तर ती दहावीचा अर्ज बोर्डाकडे जाण्याआधी दुरुस्त करून घ्या, नंतर फार जड जातं.

हे सगळं ठीक निघालं तर अकरावीला विज्ञान घ्या, भौतिक, रसायन आणि गणितासह. नीटच्या नादात गणित सोडलं की हवाई दलाचं एनडीएचं दार बंद होतं.

फीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो : छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. एसपीआय म्हणतात ती हीच. १९७७ पासून ती मुलांना एनडीएसाठी तयार करते. दहावीत असतानाच अर्ज करायचा असतो, म्हणजे तुमच्या मुलाचं हेच वर्ष आहे. प्रवेश परीक्षा गणित आणि सामान्य ज्ञानाची, इंग्रजीतून, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. खासगी अकादमीचा विचार या परीक्षेच्या निकालानंतर करा. धाकटं भावंड असेल तर चंद्रपूरजवळची सैनिक शाळाही लक्षात ठेवा. तिथे सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो.

एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, यूपीएससी घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाही बसता येतं. गणिताचे १२० प्रश्न ३०० गुणांचे, सामान्य क्षमतेचे १५० प्रश्न ६०० गुणांचे. त्यानंतरची मुलाखत ९०० गुणांची. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, मराठीत नाही. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाने गणितातल्या संज्ञा अकरावीपासूनच इंग्रजीत वाचायला हव्यात. आमची पोरं गणितात कमी पडत नाहीत. ‘सदिश’ येतो, पण समोर ‘व्हेक्टर’ आला की थबकतात, आणि तिथेच वेळ जातो. नागपूर केंद्र हवं असेल तर अर्ज पहिल्या दिवसांतच भरा, कारण केंद्रं आधी येणाऱ्याला आधी मिळतात.

प्रश्न : मी बारावीत आहे. चष्म्याचा नंबर मायनस ०.७५ आहे. लेझर करून एनडीएतून पायलट होता येईल का?
— एक विद्यार्थिनी, ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : एनडीएतून फ्लाइंगला नाही, बेटा. तुझी वाट पदवीनंतरची आहे, आणि ती खरी वाट आहे. विशीआधी केलेली लेझर शस्त्रक्रिया ग्राह्य धरत नाहीत, म्हणून आता घाईने करून घेऊ नकोस. वीस पूर्ण झाल्यावर केलीस तर पुढे किमान बारा महिने थांबावं लागतं. आधीचा नंबर सहापेक्षा जास्त नसावा आणि उरलेलं पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) ४५० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावं. शस्त्रक्रियेची तारीख, प्रकार आणि आधीचा नंबर लिहिलेलं प्रमाणपत्र जपून ठेव, तपासणीत ते मागतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून नंबर लपवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. तिथे थेंब घालूनच तपासतात.

पदवीला ६० टक्के आणि बारावीत गणित व भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के मिळवलेस की एएफकॅट ही हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा देता येते. वय २० ते २४. शंभर प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ वजा. यातून १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी, मिळते. मुली २०१६ पासून लढाऊ विमानंही उडवतात. आता बारावीच्या भौतिकशास्त्रावर जोर दे.

प्रश्न : बी.एस्सी. द्वितीय वर्षाला आहे. एनडीएच्या मुलाखतीत बाहेर पडलो. पुढे काय?
— एक विद्यार्थी, मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : आधी आठव, तू पायलट निवडीची मशीन टेस्ट, म्हणजे सीपीएसएस, दिली होतीस का? ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाला असशील तर पायलटचा रस्ता कायमचा बंद, बाकी शाखांचा नाही. मुलाखतीतच बाहेर पडला असशील, तर ती संधी शिल्लक आहे.

तसं असेल तर पदवीच्या शेवटच्या वर्षाला गेल्यावर सीडीएस (पदवीधरांसाठीची यूपीएससीची सैन्यदल परीक्षा) आणि एएफकॅट दोन्ही भर. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेतून सूटही मिळते, पण ते एअर विंगचंच हवं. कॉलेजात आर्मी विंग असेल तर त्याचा इथे उपयोग नाही. नागपूरला एअर स्क्वाड्रन आहे, तिथे चौकशी कर.

सीपीएसएस पाठांतराची नाही. डायल वाचून विमानाची स्थिती ओळखायची, आणि दांडी व पेडल एकाच वेळी हलवून सरकता ठिपका जागेवर ठेवायचा. मुलं सूचना अर्धवट ऐकतात आणि पहिल्याच मिनिटाला चुकतात. रात्रभर जागरण करून जनरल डब्यातून उभ्याने प्रवास करून तर मुळीच जाऊ नकोस, एक दिवस आधी पोच. ‘नुसता अनुभव म्हणून’ ही टेस्ट कुणीच देऊ नये.

प्रश्न : अग्निवीरवायू झाल्यावर पोरगा पायलट होतो का?
— एक आई, ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : नाही, ताई. अग्निवीरवायूची नोकरी चार वर्षांची आहे आणि ती वायुसैनिकाची. हवाई दलात विमान अधिकारीच चालवतात, आणि त्यांची भरती वर सांगितलेल्या मार्गांनीच होते. नागपुरात कुणी पायलट करून देण्यासाठी लाखो रुपये मागत असेल, तर तो बहुधा नागरी विमानाच्या परवान्याची गोष्ट करतोय. हवाई दलात शिकायला फी लागत नाही. उलट हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत कॅडेटला महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं.