अडीच लाख प्लेटलेट, तरी रक्त थांबेना

प्रश्न : मुलीचा घोळणा सारखा फुटतो. प्लेटलेट अडीच लाख, म्हणजे व्यवस्थित. तरी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जायला सांगितलंय. रक्त कुरिअरने पाठवलं तर?

उत्तर : अडीच लाख ही झाली हजेरी. हजर असलेल्या कामाला लागतात का, हे ॲग्रिगोमेट्रीत, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का ते पाहणाऱ्या चाचणीत, कळतं. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर प्लेटलेटमुळे गढूळ दिसणारा प्लाझ्मा उरतो. तो ३७ अंशांवर ढवळत ठेवून त्यातून प्रकाश सोडायचा आणि एडीपी किंवा कोलॅजेनसारखं प्लेटलेटना चेतवणारं द्रव्य घालायचं. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या की गढूळपणा ओसरतो, प्रकाश जास्त पार जातो, आलेख चढतो. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये ही युक्ती मांडली. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे ते चिरंजीव. प्रकाशाशी सलगी घरातूनच आली असावी!

पण हा सगळा खेळ जिवंत पेशींचा. गारठ्याने त्यांचा आकार बदलतो, हादऱ्यांनी त्या आधीच चेतवल्या जातात आणि चार तासांत चाचणी उरकावी लागते. तेव्हा ताई, मुलीलाच घेऊन जा.

प्रश्न : चाचणीसाठी वडिलांची ॲस्पिरिन दोन दिवस बंद ठेवली. पुरे ना?

उत्तर : नाही. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करते आणि केंद्रक नसल्याने प्लेटलेटला ते नव्याने बनवता येत नाही. नव्या प्लेटलेट यायला सात ते दहा दिवस जातात. मात्र स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता गोळी बंद करू नका. इथे चाचणीपेक्षा गोळी मोठी.

प्रश्न : ब्लीडिंग टाइम (टोचल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ) नॉर्मल आला, मग दोष नाही ना?

उत्तर : तसं म्हणता येत नाही. टोचणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असलेली ही चाचणी मी कधीच सोडून दिली.

प्रश्न : भावाच्या ॲग्रिगोमेट्रीच्या रिपोर्टमध्ये रिस्टोसेटिन हे द्रव्य सोडून बाकी सगळ्या द्रव्यांना सपाट रेघ आहे.

उत्तर : हे चित्र ग्लान्झमान विकाराचं. प्लेटलेटना फायब्रिनोजेनने एकमेकींशी बांधणारा ग्राहकच (रिसेप्टर) नसतो किंवा चालत नाही. रिस्टोसेटिनची वाट वेगळी, म्हणून तेवढा आलेख चढतो. (हे मूळचं प्रतिजैविक. रुग्णांच्या प्लेटलेट घटू लागल्या म्हणून औषध म्हणून बाद झालं, आणि त्याच दुर्गुणामुळे आमच्या फडताळात आलं.) खात्रीसाठी फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची प्रथिनं तपासणाऱ्या चाचणीत) सीडी४१ आणि सीडी६१ हे त्या ग्राहकाचे दोन भाग पाहून घ्या. आणि दात काढायचा झाला तर दंतवैद्यांना हा कागद आधी दाखवा.