राणीला मधोमध बसवू नकोस

प्रिय,

तुझी मधमाश्यांच्या पोळ्याची तिन्ही चित्रं सावकाश पाहिली. रेषेवर हात चांगला बसला आहे. षट्कोनांच्या कडा पट्टी न घेता ओढल्यास, ते फार आवडलं. पण तिन्ही चित्रांत राणी माशी मधोमध, सर्वांत मोठी, आणि बाकीच्या साऱ्या एका साच्यातल्या. निसर्गातल्या सहकार्यावर मालिका करायची म्हणतेस तर आधी यावर बोलायला हवं.

राणी हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते, आणि ती आहे एवढं तिच्या गंधावरून पोळ्याला कळतं. कुणी काय करायचं हे तिथे कुणीच ठरवून देत नाही. कामकरी माशीचं काम तिच्या वयाबरोबर बदलत जातं. आधी घरं साफ करायची, मग अळ्यांना भरवायचं, मग पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या मेणाने बांधकाम, आलेला मकरंद उतरवून घेणं, दारावर पहारा. साधारण तीन आठवड्यांची झाली की फुलांकडे. ऐन हंगामात तिचं आयुष्यच सहा आठवड्यांच्या आसपास, म्हणजे सर्वांत जोखमीचं काम सर्वांत म्हाताऱ्या माश्यांकडे. तरी हा क्रम लवचीक असतो. बाहेर जाणाऱ्या माश्या एकाएकी कमी झाल्या तर कोवळ्या माश्या वेळेआधीच बाहेर पडतात; भरवणाऱ्या कमी पडल्या तर बाहेर जाऊ लागलेल्यांपैकी काही पुन्हा अळ्यांकडे वळतात. आता सांग, अंगावर दाट लव असलेली कोवळी माशी आणि पंखांच्या कडा झिजलेली जुनी माशी एकसारख्या कशा दिसतील? तुझ्या चित्राचा खरा विषय त्या झिजलेल्या कडांमध्ये आहे.

आणि रिकामी माशीही काढ. मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाने एका खूण केलेल्या माशीवर दीडशेहून जास्त तास नजर ठेवली होती. त्यातला मोठा वेळ ती स्वस्थ तरी होती, नाहीतर पोळ्यात नुसती हिंडत होती. त्या हिंडण्यातूनच कुठे काय कमी आहे ते तिला कळतं. सतत राबणारी माशी आपल्या सुभाषितांतली आहे, पोळ्यातली नव्हे.

गोडवाही बेताने घाल. एखाद्या कामकरी माशीने स्वतः अंडी घातली, तर दुसऱ्या कामकरी माश्या ती शोधून खाऊन टाकतात. हे दाखवायला कचरू नकोस. एकोपा टिकतो तो अशा पहाऱ्यावरही.

मधमाश्यांवरच अडून राहायचं कारण नाही. पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या बघ. पान लांब असलं तर एक मुंगी दुसरीच्या कमरेला धरते, दुसरी तिसरीच्या, आणि अशा साखळ्या मिळून दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. शिवायला रेशीम लागतं, पण मोठ्या मुंग्यांना रेशीम काढता येत नाही. ते अळ्यांना येतं. म्हणून एक मुंगी अळीला जबड्यात अलगद धरून धोट्यासारखी या कडेवरून त्या कडेवर फिरवते. घरातलं सर्वांत लहान, स्वतः चालूही न शकणारं पोर घर बांधतं! मला तर मालिकेतलं सर्वांत मोठं चित्र हेच व्हावंसं वाटतं.

नजरेसाठी कीटकांच्या चित्रकार मारिया सिबिला मेरियन यांची चित्रं बघ. त्या १६९९ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या आणि १७०५ साली तिथल्या कीटकांची चित्रं छापली. त्यांनी कीटक सहसा एकटा काढला नाही. तो ज्या झाडावर जगतो ते झाड, त्याची खाल्लेली पानं, अळी, कोष, सगळं एका पानावर. एका चित्रात मुंग्या एकमेकींना धरून फांद्यांमध्ये पूल करताना दिसतात. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांच्या चित्रांवर तुझा जीव आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्यांची मोहिनी मोठीच. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार वास्तुकार रने बिने यांनी हेकेल यांच्या सूक्ष्मजीवांच्या चित्रांवरून घडवलं होतं. पण हेकेलकडे जीव त्याच्या जगातून उचलून कोऱ्या पानावर मांडलेला असतो. नक्षी त्यांच्याकडून शीक, नाती मेरियनकडून.

पुढे कधी जिवंत प्राण्यांबरोबर काम करावंसं वाटलं तर डिझायनर नेरी ऑक्समन आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१३ सालचं काम पाहा. सपाट जागा मिळाली की रेशीमकिडा कोष न करता पसरट जाळं विणतो, ही सवय हेरून त्यांनी यंत्राने धाग्यांची चौकट केली आणि उरलेलं ६,५०० किड्यांकडून विणून घेतलं. काम कुणाचं, श्रेय कुणाचं, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. त्याचं उत्तर तुझं तुलाच शोधावं लागेल. घाई करू नकोस.

सध्या एवढंच कर. रंग बाजूला ठेव. मुंग्यांची एखादी रांग निवड आणि काही दिवस रोज थोडा वेळ तिथेच बस. मुंग्यांचे आकार नकोत, फक्त देवघेव टिप: कोण कुणाला थांबवते, कोण कुणाकडून काय घेते, ओझं कुठे हस्तांतरित होतं. बाण, ठिपके, खाडाखोड काहीही चालेल. ते कच्चे कागद मला पाठव. पक्कं चित्र त्यानंतर सुरू कर.

सस्नेह