रॅक सामान काढण्यासाठी नाही, परत ठेवण्यासाठी बनवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: फायनल इयर मेकॅनिकलचे चौघं, विषय अग्निशमन दलाच्या रेस्क्यू गाडीत साहित्य ठेवायची नवी रॅक, कॅडमध्ये डिझाइन तयार, आणि गाइड 'इनोव्हेशन कुठंय?' म्हणतात म्हणून प्रत्येक वस्तूला आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वस्तू ओळखणारी चिप) लावायचा विचार चाललाय. टॅग तूर्त बाजूला ठेवा.

तुमचा सगळा हिशेब वस्तू किती लवकर बाहेर निघते याचा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशा गाड्यांच्या बॉडीचं काम करताना आम्हाला दिसत आलंय ते वेगळंच. निघताना गाडी लावलेली असते, माणूस ताजा असतो. घोळ होतो तो परतताना. दोर चिखलानं माखलेला, होज (पाण्याचा पाइप) भिजून जड झालेला, रात्र उलटून गेलेली. मग जिथं जे मावेल तिथं ते कोंबलं जातं आणि पुढच्या कॉलला कटर शोधत बसायची वेळ येते.

आपल्याकडं तर पावसाळ्यात हे रोजचंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला की चिखली-आंबेवाडीकडं बोटी दिवसभर फिरतात, साहित्य वाळवायला उसंत कुठली? ओली लाइफ जॅकेटं बंद कप्प्यात एकावर एक रचली की कापडाला बुरशी धरते आणि खालच्या जॅकेटातला फोम दबून बसतो. म्हणून जॅकेटं रुंद हँगरला टांगा, कप्प्याचा तळ जाळीच्या पत्र्याचा करा, पाणी निथळून गाडीबाहेर जाईल अशी वाट ठेवा. बोटीच्या इंजिनाचं पेट्रोल मात्र त्या कप्प्यात अजिबात नको, त्याला वेगळी, हवा खेळती असलेली जागा लागते.

वजनाचं बघा. ६३ मिमीचा १५ मीटर होज कोरडा आणि भिजलेला, दोन्ही वेळा काट्यावर ठेवा. ड्रॉवरची स्लाइड भिजलेल्या वजनावर निवडा. कॅटलॉगातली क्षमता सारख्या पसरलेल्या वजनाची असते, खड्ड्यात बसणाऱ्या दणक्याची नव्हे. ट्रे आत असताना आणि पूर्ण बाहेर ओढल्यावर, दोन्हीकडं लॉक पाहिजे. स्प्रेडरसारखं (चेपलेला पत्रा फाकवायचं हत्यार) जड सामान खाली, आणि डाव्या-उजव्या बाजूचं वजन जुळतंय ना ते तपासा. ॲल्युमिनियमला एमएसचा (साध्या पोलादाचा) बोल्ट थेट लावू नका, ओलाव्यात जोड गंजून झिजतो.

दाराचं तर बहुतेक जण विसरतातच. शनिवार पेठेतल्या बोळात गाडी लागली की बाजूला उघडणारं दार अर्धंच उघडतं. रोलर शटर बरं, पण त्याच्या ड्रमला वर जागा जाते आणि खाचेत चिखल बसला की अडकतं. खाच धुता येईल अशी ठेवा.

गाइडना इनोव्हेशन हवंय तर शॅडो बोर्ड द्या. प्रत्येक हत्याराच्या आकाराचा ठळक रंगातला छाप मागच्या पत्र्यावर काढायचा. जागा रिकामी असली तर टॉर्चच्या उजेडात लगेच कळतं. शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये हे कधीचं चालू आहे, त्याला बॅटरी लागत नाही.

आणि पत्रा कापायच्या आधी प्लायवूडचं खऱ्या मापाचं मॉडेल करा. जवानांना हातमोजे घालून, अंधारात, ओलं साहित्य परत ठेवायला सांगा. किती वेळ लागला, किती वस्तू चुकीच्या जागी गेल्या, किती वेळा वाकावं लागलं ते जुन्या रॅकवर आणि नव्या मॉडेलवर सारखंच मोजा. शक्य असेल तर दुसऱ्या पाळीच्या माणसांकडूनही करून घ्या, कारण पहिल्या पाळीला तुम्ही आधीच सगळं समजावून सांगितलेलं असणार.

एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीचं पत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांना भेटा. गाडीच्या चॅसीला (खालच्या सांगाड्याला) भोक पाडायची परवानगी मागूच नका, मिळणार नाही. आधीच्या बोल्टांवर बसेल असं सुटं मॉड्यूल काढा. प्लायवूडच्या ट्रायलचे आकडे आले की टाका, मग पत्रा किती जाडीचा घ्यायचा ते बघू.