आजोबांची फेल्ट हॅट सापडली : काय करायचं आणि काय अजिबात नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला, फोटो पण मोठे करून बघितले. शुक्रवार पेठेतल्या घराचा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची राखाडी हॅट निघाली, आत मेड इन इंग्लंड लिहिलंय, आजोबा रेल्वेत होते. ड्रायक्लीनवाला म्हणतो धुऊन प्रेस करून देतो, घरातलं कुणी म्हणतं विकून टाका, आणि तुम्ही विचारताय की चांगली आहे का, साफ कशी करायची आणि अशा हॅट्स जमवायचा नाद सोलापुरात बसून करता येईल का. जरा लांबेल, पण सगळं सांगतो.

पहिलं म्हणजे ड्रायक्लीनला देऊ नका. प्रेस तर नाहीच नाही. का ते कळायला फेल्ट म्हणजे काय ते आधी बघा. आपलं गाव विणकरांचं, चादर हातात आली की आपण पहिल्यांदा ती उलटून मागची वीण बघतो, पण फेल्टमध्ये वीणच नसते, उभा-आडवा धागा काहीच नाही. नुसते केस असतात. ससा, हेअर म्हणजे रानससा, किंवा बीव्हर हा पाण्याकाठचा प्राणी, यांच्या कातडीवरचे आतले बारीक मऊ केस. त्या केसांना खवले असतात, गरम पाणी, वाफ आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकत जातात आणि परत सुटत नाहीत. आपल्याकडची धनगरी घोंगडी चुकून गरम पाण्यात गेली तर आटून जाड घट्ट होते ना, तेच तत्त्व. हॅटच्या कारखान्यात भोकं पाडलेल्या तांब्याच्या मोठ्या शंकूवर हे केस हवेनं ओढून बसवायचे, वर गरम पाण्याचा फवारा मारायचा, मग तो पातळ भलामोठा शंकू आटवत आटवत हॅटच्या मापावर आणायचा, लाकडी साच्यावर ओढायचा आणि शेवटी बारीक सँडपेपरनं घासून घासून गुळगुळीत करायचा. म्हणजे ज्या गरम पाण्यानं आणि दाबानं ती हॅट झाली, तेच परत दिलं तर ती अजून आटणार, आणि कशीही आटणार. प्रेसनं वरची लव जळून चकाकी येते, ती परत जात नाही.

आता तुमची हॅट चांगली आहे का. मेड इन इंग्लंड एवढ्यावरून काही ठरत नाही हो. इंग्लंडात मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट म्हणून गाव आहे, आपल्याकडं जशी चादर तशी तिथं हॅट, एवढी की तिथल्या फुटबॉल क्लबला आजही हॅटर्सच म्हणतात. तिथं क्रिस्टीज, बॅटर्सबी असे मोठे कारखाने होते आणि त्यांचा उंचीचा माल पण निघायचा, साधा स्वस्तातला पण निघायचा. बोर्सालिनो ही इटलीतल्या अलेस्सांद्रियाची, १८५७ पासूनची, स्टेटसन अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची, १८६५ ची. ही नावं दिसली की लोक उड्या मारतात, पण नाव अस्तरावर छापलेलं असतंय आणि अस्तर बदलता येतं. म्हणून नाव शेवटी बघायचं, आधी फेल्ट बघायचं. माझं मत या बाबतीत पक्कं आहे, अनोळखी दुकानाचं लेबल असलेली दाट फर फेल्टची, म्हणजे वर सांगितलेल्या ससा-बीव्हरच्या केसांची, हॅट ही मोठ्या नावाच्या पण मरगळलेल्या हॅटपेक्षा कधीही वरचढ.

फर फेल्ट की लोकरीचं फेल्ट हे ओळखायचं असं. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, ब्रिम म्हणजे हॅटची कड अंगठा आणि दोन बोटांत हलकी धरा. फर फेल्ट पातळ असतं पण मरतुकडं नसतं, बोटाखाली मऊ लागतं आणि कड सोडली की शांतपणे जागेवर येते. लोकरीचं जाडसर, जरा खरखरीत लागतं, थोडं फुगलेलं दिसतं आणि जुनं झालं की लोंबायला लागतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत कडेचा जो क्लोजअप आहे त्यात कड अगदी पातळ आहे आणि तरी सरळ उभी आहे, घासलेली जागा पण चिंधीसारखी न दिसता साबराच्या चामड्यासारखी दिसतेय, त्यावरून मला तरी ती फर फेल्टच वाटते. हातात घेतल्याशिवाय शंभर टक्के बोलणार नाही.

मग संध्याकाळी लाइट घालवा, मोबाइलचा टॉर्च हॅटच्या आत धरा आणि बाहेरून हळूहळू फिरवत बघा. कुठं सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तर भोक, आणि उजेड न दिसता नुसती फिकट नागमोडी रेघ दिसली तर कसर वरून चरून गेलीय असं समजा. रिबनच्या खाली हमखास असतंय कारण तिथं अंधार आणि घामाचा अंश. पुढच्या चिमटीच्या जागी, म्हणजे बोटानं धरून हॅट काढायची सवय असते तिथं, चीर आहे का तेही बघा.

कसर असेल तर बाकी काही करायच्या आधी तो बंदोबस्त. डांबरगोळ्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही आणि फेल्टमध्ये तर तो मुरतोच, मी त्या वापरत नाही. हॅट टिश्यू पेपरनं हलकी भरून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ च्या आसपास, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड फेल्टवर बाहेरच्या हवेचं पाणी धरतं. ट्रंक पण कोपऱ्यांसकट झाडून उन्हात तापवा. हॅट मात्र उन्हात नाही.

आणि एक काळजीची गोष्ट, घाबरवायला नाही पण माहीत पाहिजे. जुन्या काळी केस चांगले अडकावेत म्हणून पाऱ्याचं नायट्रेट लावायचे. कारखान्यातल्या कामगारांचे हात कापायचे, डोकं फिरायचं, अमेरिकेत डॅनबरी गावच्या हॅट कामगारांचा थरथराट तर कुप्रसिद्ध होता. अमेरिकेत हे १९४१ मध्ये बंद झालं. संग्रहालयातल्या जुन्या हॅट्समध्ये आजही पारा सापडतो. म्हणून ब्रश गच्चीवर किंवा गॅलरीत मारायचा, तोंडाला मास्क, नंतर हात धुवायचे, लहान मुलांना खेळायला द्यायची नाही. ट्रंकेत पांढरी पावडर सांडलेली दिसली तर ती जुनी कीटकनाशक पावडर असू शकते, हातानं गोळा करू नका.

साफसफाई म्हणाल तर मऊ केसांचा ब्रश, घोड्याच्या केसाचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बुटाच्या दुकानात मिळतो तो नवा कोरा पॉलिशचा ब्रश. लवेच्या दिशेनं, वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेनं, हलक्या हातानं. नव्वद टक्के काम इथंच होतं. रिबनच्या वर जो तेलकट पट्टा दिसतोय तो घामाचा आणि केसाला लावलेल्या तेलाचा, बाहेरपर्यंत आलेला. त्यावर कॉर्नफ्लोअर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, ब्रश करा, परत लावा. दोन-तीनदा करून जेवढा जाईल तेवढा जाऊ द्या. राखाडी रंगावर शिळ्या पावाचा आतला मऊ भाग पण चांगला चालतो, खोडरबरासारखा हलका फिरवायचा. पेट्रोल, रॉकेल, शॅम्पू, काही नाही.

आतल्या चामड्याच्या पट्टीला, स्वेटबँडला, खोबरेल तेल लावायचा मोह होईल, कुणीतरी सल्ला पण दिलाय तसा. नका लावू. तेल चामड्यातून फेल्टमध्ये उतरतं आणि बाहेर डाग येतो, शिवाय खवट वास. आपल्या सोलापूरचा खरा त्रास हाच आहे, एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ असतं तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर भट्टीच होते, चामडं वाळून आक्रसतं आणि आपल्याबरोबर हॅटचं तोंड पण ओढून लहान करतं. तुम्ही लिहिलंय की आजोबांचं डोकं मोठं होतं पण ही हॅट तुमच्या भावाला पण घट्ट होते, त्याचं कारण हेच असणार. ओढून मोठी करायला जाऊ नका, पापडासारखी तडकेल ती पट्टी. माप आतल्या छोट्या कागदी चिठ्ठीवर असतं, तेही लक्षात ठेवा की इंग्लंडचं ७ म्हणजे ५७ सेंटीमीटर आणि अमेरिकेचं तेच माप ७ १/८ लिहितात. गोळा करणाऱ्यांना मोठी मापं जास्त हवी असतात, कारण ५९-६० सेंटीमीटरच्या जुन्या हॅट्स कमी मिळतात आणि आजच्या माणसाला घालता येतात.

विकण्याबद्दल. तुमची हॅट आहे, निर्णय तुमचा, पण पैशासाठी म्हणाल तर भोकं आणि तडकलेलं चामडं असलेल्या इंग्लिश हॅटला फार काही येत नाही. आणि तुमच्या हॅटमध्ये जे आहे ते विकत मिळण्यासारखं नाही. दुसऱ्या फोटोत चामड्यावर बारीक टोचून काढलेली दोन अक्षरं दिसतात, ती आजोबांच्या नावाची आद्याक्षरं असावीत, दुकानातच तशी टोचून द्यायचे. आणि समोरून बघा, कड दोन्हीकडं सारखी नाही, उजवीकडं पुढं जास्त खाली वाकलीय. रोज एका हातानं तिथं धरून ओढली की अशी होते. वरची घडी पण कारखान्याची वाटत नाही, जरा तिरकी आहे, हातानं पाडलेली. म्हणून ट्रंकेत दबून जो मागं खोलगट पोचा आलाय तेवढाच काढा. किटलीच्या वाफेवर लांबून, आतल्या बाजूनं, थोडी थोडी वाफ देऊन बोटाच्या पेरांनी हळू बाहेर ढकलायचा, तेही मोकळ्या हवेत. पण कुणी साच्यावर चढवून नवीन शेप करून देतो म्हणाला तर नको म्हणा. वाफ दिली की फेल्ट जुना आकार विसरतं आणि आजोबांच्या हाताची ती घडी परत कुणालाच पाडता येणार नाही. मला स्वतःला चकचकीत नव्यासारखी केलेली जुनी हॅट बघवत नाही.

खाली प्रतिक्रियांमध्ये एकानं लिहिलंय की ही गुलामीची निशाणी आहे, जाळून टाका. त्यांना एवढंच सांगेन, सोलापूरला डोक्यावरच्या टोपीची किंमत शिकवायला नको. मे १९३० मध्ये इथं मार्शल लॉ लागला तेव्हा गांधी टोपी घालायलाही बंदी होती, लोकांनी टोपीसाठी मार खाल्लाय, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. हे कुणी विसरलेलं नाही. पण भगतसिंगांचा जो फोटो घराघरात आहे, दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत एप्रिल १९२९ मध्ये काढलेला, त्यात त्यांच्या डोक्यावर फेल्ट हॅटच आहे. आपल्या सैन्यातले गोरखा जवान आजही दुहेरी फेल्टची हॅट घालतात. रेल्वेत नोकरी करून घर चालवणाऱ्या माणसाच्या हॅटवरून त्याच्या मनातलं काय कळणार.

राहिला नाद. सोलापुरात बसून होतो, पण सावकाश. इथं भंगारात आणि जुन्या घरांच्या आवराआवरीत जास्त करून सोला हॅट निघते, साहेब लोकांची ती पांढरी-खाकी कडक टोपी. ती फेल्ट नाही, शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाची असते, वजनाला एकदम हलकी, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. ती वेगळी वस्तू, फेल्टच्या भावानं घेऊ नका. लाल तुर्की टोपी मात्र फेल्टचीच, लोकरीच्या फेल्टची. १९२५ मध्ये खुद्द तुर्कस्ताननं ती बंद केली पण आपल्याकडं पुढं बरीच वर्षं घालत होते. जुन्या मुस्लिम घरांमध्ये जपून ठेवलेल्या असतात, संग्रहात त्या पाहिजेतच असं मला वाटतं, फेडोरा, म्हणजे वर घडी आणि भोवती कड असलेली साहेबी हॅट, तेवढंच फेल्ट असं थोडंच आहे. बाकी हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुणं गाठायचं आणि रविवारचा जुना बाजार बघायचा, किंवा मुंबईला गेलात तर चोर बाजार. टॉर्च खिशात असू द्या. ऑनलाइन घ्यायची झाली तर विकणाऱ्याकडून आतल्या पट्टीचा फोटो आणि मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका, फक्त समोरून काढलेल्या देखण्या फोटोत काही कळत नाही.

ठेवताना खुंटीला अडकवू नका, टोक येतं. उलटी करून, डोक्याचा भाग खाली आणि कड वर अशी, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पांढऱ्या टिश्यूत, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. वर्षातून दोनदा बाहेर काढून ब्रश मारायचा, एकदा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला आणि एकदा पावसाळ्यानंतर, म्हणजे कसर लागली तरी लवकर कळतं. आणि सणावाराला भावाच्या लेकाला कौतुक म्हणून घालू नका ताई, पाऱ्याचं वर सांगितलंय.

आता एक करा. स्वेटबँड हळूच, तडकणार नाही एवढाच, बाहेर उलटा आणि मागच्या शिवणीजवळ आत कागदाची चिठ्ठी आहे का बघा. असेल तर ओढू नका, आहे तिथंच फोटो काढून इथं टाका, सोबत अस्तरावरच्या दुकानाच्या नावाचा फोटो पण जरा उजेडात काढलेला टाका. त्यावरून साधारण कुठल्या दशकातली आहे ते सांगता येईल.