लहान मुलं आणि आजी यांना घेऊन पायी फिरता येईल असं, पाणथळ आणि जंगल दोन्ही असलेलं राष्ट्रीय उद्यान कोणतं?

सहा आणि दहा वर्षांची मुलं, सोबत सत्तरीतली आई. जिप्सीत बसून वाघामागे धावायचं नाही, पायी हिंडायचंय, आणि मुलं कंटाळून ‘घरी कधी जायचं’ म्हणायला नकोत. तुमच्या या अटी वाचल्यावर माझ्या डोळ्यासमोर एकच नाव आलं. राजस्थानात भरतपूरला असलेलं केवलादेव राष्ट्रीय उद्यान. स्थानिक लोक त्याला नुसतं ‘घना’ म्हणतात.

आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत गाडीतून पाय खाली टाकायची सोय नसते. ताडोबा, पेंच, कुठेही जा, ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेळेत गाडी फिरवून आणतात. वाघ असतो, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार तास गप्प बसवणं म्हणजे त्याला शिक्षाच. केवलादेव जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे, भोवती भिंत आहे आणि वाघ तिथे वस्तीला नाही. (रणथंभोरचा एक तरुण वाघ २०१० मध्ये भटकत तिथे पोचला होता, त्याला २०११ मध्ये सरिस्काला हलवलं.) त्यामुळे आत पायी किंवा सायकलवर मोकळेपणाने फिरता येतं. एखादी वाट कधी बंद ठेवलेली असते, तेवढं दारावर विचारून घ्या.

डोंगर चढायचा नाही हे आधीच सांगतो. सगळं सपाट. गड चढायची सवय असलेल्या पुणेकराला हा ट्रेक वाटणारच नाही. दारापासून आतल्या केवलादेव महादेवाच्या मंदिरापर्यंत साधारण पाच किलोमीटरचा डांबरी रस्ता जातो. सुरुवातीचा टप्पा बाभळी-बोरीच्या कोरड्या रानातला. शांतीकुटीरपाशी दुसरी चौकी लागते, तिथून पुढे खाजगी गाड्यांना मज्जाव आहे. मग हळूहळू दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागतं. उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भाग पाणथळ आहे. बाकी गवताळ माळ, बाभूळबन आणि कळंब-जांभळाची थोडी दाट झाडी. एका सकाळीत हे सगळं बदलत जाताना मुलांना पायाखाली कळतं, ही इथली खरी मजा.

डांबरी रस्ता धरून सरळ मंदिराला जाऊन परत येऊ नका. बहुतेक लोक तेच करतात, आणि ‘पक्षी होते खरे’ एवढंच सांगत घरी जातात. सापन मोरीच्या चौकापासून पुढे पाण्याच्या मधून मातीचे बांध निघतात. एका वेळी दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंदी, डोक्यावर बाभळीची सावली, दोन्ही हातांना उथळ पाणी. उद्यानात फिरवणारी रिक्षा मुख्य रस्त्यावरच थांबते, त्यामुळे बांधावर कलकलाट कमी. मुलांना पुढे सोडा आणि त्यांच्याच चालीने चाला. आमची धाकटी अर्ध्या किलोमीटरला पाऊण तास लावायची, कारण प्रत्येक कासवाला थांबून बघायचं असायचं. घाई नसेल तर हीच चाल योग्य.

पाऊस चांगला झाला असेल तर ऑगस्टपासून पाण्यातल्या बाभळींवर पक्ष्यांची वसाहत भरते. चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, चमचे, पाणकावळे, बगळे, एकेका झाडावर कितीतरी घरटी. पिल्लं मोठी झाली की त्यांचा आरडाओरडा रस्त्यापर्यंत येतो. दुपारच्या उन्हात चित्रबलाकाची आई किंवा बाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात, आणि गिळून आणलेले मासे घरट्यात ओकून त्यांना भरवतात. हा दुसरा प्रकार पाहून मुलं ‘ई’ करतील आणि आयुष्यभर लक्षात ठेवतील. तिरंदाज पक्षी मासा चोचीने भोसकतो, मग हवेत उडवून डोक्याकडून गिळतो. कमळपक्षी लांबलचक बोटांवर तरंगत्या पानांवरून चालत जातो. हे बघायला दुर्बीण लागत नाही, इतकं जवळ असतं. तरी घरात साधी ८×४२ची दुर्बीण असेल तर न्याच. आजीच्या गळ्यात घाला, सगळ्यात जास्त ती वापरेल.

थंडीत बदकांची आणि इतर पाणपक्ष्यांची गर्दी असते. तलवार बदक, थापट्या, शेंडी बदक, वारकरी, शिवाय उत्तरेकडून आलेले कलहंस. सारसाची जोडी दिसली तर नशीब. हिवाळ्यात दुपारी ऊन तापलं की साळिंदरांच्या जुन्या बिळांपाशी अजगर ऊन खायला बाहेर येतात. मुलं तिकडे ओढ घेतील, पण बिळाजवळ जाऊ देऊ नका. ठरलेल्या अंतरावरून दिसतात तेवढे पुरे. नीलगाय, चितळ, सांबर आणि कोल्हा हे तर रस्ता ओलांडतानाच भेटतात.

मुलांना पक्ष्यांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा पाण्याची गोष्ट सांगा. हे पाणथळ माणसाने घडवलंय. जागा मुळात खोलगट, पावसाचं पाणी साचायचं. अठराव्या शतकात भरतपूरच्या सूरजमलाने गंभीर आणि बाणगंगा नद्यांच्या संगमावर अजान बांध घातला. हो, तोच सूरजमल. १७६१ मध्ये पानिपतावरून जीव वाचवून परतणाऱ्या मराठ्यांना ज्याने अन्न-वस्त्र आणि आसरा दिला, तो. तेव्हा मराठी माणसाने या बांधाला एक नमस्कार घालायला हरकत नाही.

पुढे संस्थानिकांनी कालवे, छोटे बांध आणि झडपा बसवून तिथे बदकांच्या शिकारीसाठी तळी तयार केली. मंदिराजवळ दगडी फलक आहेत, त्यांवर कुठल्या पाहुण्याच्या शिकारीत किती पक्षी पडले याची नोंद कोरलेली आहे. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसाच्या शिकारीचा आकडा ४,२७३. दहा वर्षांच्या मुलाला तो फलक स्वतः वाचू द्या, तुम्ही काही बोलू नका. मग त्याच्याकडून प्रश्न सुरू होतात, आणि परतीचे पाच किलोमीटर त्याच्या लक्षातही येत नाहीत.

शिकारीच्या तळ्याचं १९८१ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळ. पण त्याच १९८२ मध्ये गुराढोरांना बंदी घातली, त्यावरून गावकरी आणि पोलिसांत चकमक होऊन माणसं मेली. पुढे आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या तिथल्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी नसल्याने पाण्यातलं गवत माजलं आणि उघडं पाणी कमी झालं. म्हशी नकोत हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि म्हशी तर तळं साफ ठेवत होत्या! दारापासून जवळच सलीम अलींच्या नावाचं माहिती केंद्र आहे. बाहेर पडताना नको, आत शिरतानाच तिथे वीस मिनिटं घालवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. तिकिटं काढण्याआधी यंदा आत पाणी किती आहे हे विचारा. उद्यानाला वर्षाला साधारण ५५ कोटी घनफूट पाणी लागतं, आणि गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यापासून नदीचा भरवसा उरला नाही. आता गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या नळयोजनेतून पाणी आणतात. पाऊसही कमी आणि वरून पाणीही कमी अशा वर्षी पक्षी फिरकत नाहीत, आणि तुम्ही कोरड्या चिखलातून चालत बसाल. सायबेरियन क्रौंच पूर्वी हिवाळ्याला इथे यायचे. २००२ नंतर ते दिसलेच नाहीत. (त्याला पाण्यापेक्षा वाटेतल्या देशांमधली शिकार जास्त कारणीभूत मानतात.) म्हणून भरतपुरातल्या एखाद्या राहण्याच्या ठिकाणाला फोन करून विचारा, ‘घरटी लागली का? मंदिरापर्यंत दोन्ही बाजूंना पाणी आहे का?’ खरं उत्तर मिळतं, कारण त्यांचाही धंदा त्यावरच चालतो.

दिवसांचं म्हणाल तर तुमच्यासाठी दिवाळीची सुटी उत्तम. पिल्लं मोठी झालेली असतात, बदकं यायला लागलेली असतात आणि थंडी सोसवते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं इतकं दाट पडतं की नऊ-दहापर्यंत पुढचा माणूस दिसत नाही. आजीला त्या गारठ्यात पहाटे बाहेर काढू नका. फेब्रुवारीही चांगला. एप्रिलनंतर विचारही नको.

आजीसाठी दारावरच रिक्षा करा, दर फलकावर लिहिलेले असतात. तिथले कित्येक रिक्षावाले पक्ष्यांचे पक्के जाणकार आहेत. वर्षानुवर्षं पाहुण्यांना फिरवून आणि प्रशिक्षण घेऊन ते तयार झालेत. नुसत्या आवाजावरून पिंगळा कुठल्या ढोलीत आहे हे दाखवतात. आजी, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, खाऊचा डबा हे सगळं रिक्षात. तुम्ही आणि मुलं पायी. धाकटं दमलं की तेही रिक्षात. दहा वर्षांच्या मुलाला सायकल भाड्याने घेऊन द्या. वेगळा गाइड करायचा असेल तर फक्त पहिल्या दिवशी करा, दुसऱ्या दिवशी तुमचे तुम्ही हिंडा.

आत खायला-प्यायला फार काही मिळेल अशी आशा ठेवू नका. डबा न्या, पण माकडांसमोर उघडू नका, ती हातातून ओढून नेतात. स्वच्छतागृहं मोजक्या ठिकाणी आहेत, दिसलं की मुलांना जाऊ द्या. पायात बूट, अंगात मळकट रंगाचे कपडे, डासांसाठी मलम. प्लास्टिकच्या पिशव्या बाहेरच ठेवा.

मुंबईहून भरतपूरला थेट गाडी आहे. गोल्डन टेंपल मेल तिथे थांबते. नाहीतर आग्र्याला उतरून रस्त्याने साधारण ५५ किलोमीटर, वाटेत फत्तेपूर सिक्री. ताजमहाल आणि घना एकाच दिवशी उरकायचा बेत मात्र करू नका, मुलं दोन्हीकडे चिडचिड करतील. भरतपुरात दोन मुक्काम ठेवा म्हणजे दोन सकाळी मिळतील. तिसरा दिवस मोकळा असेल तर डीगचा राजवाडा बघा.

एवढ्या लांब जाणं नाहीच जमलं तर नाशिकजवळ नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. ते अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे, आणि जंगल नावापुरतंच. पण पाणी आणि पक्षी भरपूर. हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी मुलांना आधी तिथे नेऊन बघा. तिथे ती रमली तर भरतपूरचं तिकीट काढायला हरकत नाही.