पहाटे पोटात कळ आली की पित्ताआधी मण्यार आठवा

तुमचा प्रश्न असा: शिराळा तालुक्यात वस्तीवर घर. वडील पहाटे पोटात कळ येऊन उठले, दोन उलट्या झाल्या, घसा दुखतोय म्हणाले. अंगावर खूण नाही. पित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी आले आणि दुपारी पापण्या उघडेनात. आता व्हेंटिलेटरवर आहेत, मण्यार चावल्याचं निदान झालंय. हे आधी कसं ओळखायचं?

मी भूलतज्ज्ञ आहे. मण्यारीचे रुग्ण आमच्याकडे श्वास थांबायच्या बेताला पोचतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नागपंचमीच्या मुलखात नाग सगळे ओळखतात, घोणस ऊसवाल्यांना ठाऊक असते. मण्यार या दोघांसारखी वागत नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. दात इतके बारीक की चावा बहुतेकांना कळत नाही. सूज नाही, आग नाही, रक्त नाही. त्यामुळे ‘खूण नाही म्हणजे साप नाही’ हे वाक्य दवाखान्यात कुणीही उच्चारू नये, अगदी डॉक्टरांनीसुद्धा. तसंच ‘वीस मिनिटांत रक्त गोठलं, म्हणजे विष नाही’ हेही. काचेच्या नळीतली ती तपासणी घोणस आणि फुरशासाठी आहे. मण्यारीत रक्त व्यवस्थित गोठतं आणि माणूस तरीही मरतो.

क्रम साधारण असा असतो. आधी पोटात कळ, उलटी, घशात दुखणं, कधी अंग मोडून येणं. मग अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत कधीही पापण्या जड होतात. इथे नीट बघा: रुग्ण मान मागे टाकून पापणीखालून बघायला लागतो. घरचे म्हणतात झोप झाली नाही, बाहेरचे म्हणतात प्यालाय. त्याला एक मिनिट छताकडे एकटक बघायला सांगा, पापण्या हळूहळू खाली येतात. एकाचे दोन दिसतात का विचारा. जीभ दातांबाहेर काढायला लावा. उशीवरून डोकं उचलायला लावा. एका श्वासात आकडे मोजायला लावा, तो आकडा वेळेसकट लिहून ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा उतरत चालला की श्वासाचे स्नायू थकताहेत. थुंकी गिळता येत नसेल तर पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. डाव्या कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

पित्तात पापण्या पडत नाहीत. फरक विचारलात तर तो एवढाच, पण त्यावर विसंबून पापण्या पडायची वाट बघायची नसते. पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची कळ आणि घसादुखी एकत्र आली की रुग्णाला दवाखान्यातच, डोळ्यांसमोर ठेवायचं. वाट बघायची असेल तर तिथे. ऊसतोडीच्या कोपीतल्या माणसाला पावसाळ्याबाहेरही हाच नियम.

आता माझं जुनं भांडण. पापण्या पडलेल्या दिसताहेत, फ्रिजमध्ये सापाची लस (विष उतरवणारं इंजेक्शन) आहे, तरी ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी देतात. कारण काय, तर रिअ‍ॅक्शनची भीती. शिराळ्याहून मिरज किंवा पाटणच्या आतल्या गावांतून कऱ्हाड गाठेपर्यंतचा तो वेळ रुग्णाकडे नसतो. लसीच्या दहा व्हायल (कुप्या) सलाईनमध्ये घालून तासाभरात द्यायच्या. लहान मुलालाही दहाच, कारण विष वजन बघून सोडलेलं नसतं. आधी त्वचेवर चाचणी करायची नाही, ती रिअ‍ॅक्शनचा अंदाज देत नाही. रिअ‍ॅक्शनवरचं औषध, अ‍ॅड्रिनलिन, सिरिंजमध्ये भरून ठेवायचं. रिअ‍ॅक्शन आली तर मोठ्या माणसाला अर्धा मिली मांडीच्या स्नायूत. तासाभरात लक्षणं वाढली तर आणखी दहा, त्यापुढे नाही. पाठवायचंच असेल तर लस चालू करून, अ‍ॅम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) वापरता येणारा माणूस सोबत देऊन पाठवा. चिठ्ठीवर लस किती वाजता सुरू केली आणि एका श्वासातला शेवटचा आकडा किती होता, हे लिहा.

घाई एवढ्यासाठी की मण्यारीचं विष नसांची टोकंच बिघडवतं. लस मोकळं फिरणारं विष पकडते, झालेली मोडतोड दुरुस्त करत नाही. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या इंजेक्शनने पापण्या उचलल्या जातात, मण्यारीत बहुधा नाही. म्हणून उशिरा आलेल्याला लसीच्या आणखी वीस-तीस व्हायल देण्यात अर्थ नाही. त्याला व्हेंटिलेटर लागतो, आणि नसांची टोकं पुन्हा तयार व्हायला काही दिवस, कधी दोन आठवडेही जातात.

तुमच्या वडिलांबद्दल एक महत्त्वाचं. या अवस्थेत बाहुल्या मोठ्या होऊन टॉर्चला दाद देत नाहीत, हातपाय हलत नाहीत. ते बघून मेंदू गेला असा निष्कर्ष काढू नका आणि कुणी काढला तर थांबवा. गुंगीचं औषध चालू नसेल तर ते सगळं ऐकत असतात. त्यांच्याशी नाव घेऊन बोला, काय चाललंय ते सांगा, खाटेशेजारी खर्चाची नि मरणाची चर्चा करू नका. पोटॅशियम तपासलंय का, ते डॉक्टरांना विचारा. मण्यारीत ते उतरतं.

घरात बाकीच्यांना आजपासून खाटेवर झोपवा, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. साप शोधत बसू नका. मारलेला साप बहुतेकदा कवड्या निघतो: त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, मण्यारीचे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक, बऱ्याचदा जोडीजोडीने. कवड्या बिनविषारी, आणि तो बघून लोक निर्धास्त होतात.

अर्थात पहाटेची प्रत्येक कळ सापाची नसते. चाळिशीपुढच्या माणसाला घाम आणि छातीत दाब असेल तर आधी ईसीजी काढा. पोट लाकडासारखं कडक असेल तर सर्जनला दाखवा. पण तिथेही पापण्या आणि जीभ बघायला अर्धं मिनिट पुरतं.